लळा लावला, जबाबदारीचे काय?

भटक्या कुत्र्यांचे काय करायचे, या प्रश्नावर २०२५ मध्ये देशात जेवढी चर्चा झाली, तेवढी पूर्वी क्वचितच झाली असेल. दिल्ली आणि परिसरातील भटकी कुत्री उचलून निवारागृहांत ठेवावीत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्टला दिला. त्यावर वादळ उठले. २२ ऑगस्टला त्रिसदस्यीय पीठाने त्यात बदल केला. निर्बीजीकरण आणि लसीकरण करून कुत्री मूळ जागी सोडावीत, रेबीजग्रस्त वा आक्रमक कुत्री मात्र सोडू नयेत, असे सांगितले. पुढे ७ नोव्हेंबरला शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वेस्थानके यांच्या आवारांतून कुत्री हटवावीत आणि ती पुन्हा तेथे सोडू नयेत, असा आदेश झाला. या प्रत्येक टप्प्यावर श्वानप्रेमी आणि श्वानपीडित असे दोन तट पडले. वाहिन्यांवर वाद झडले, मोर्चे निघाले, गृहनिर्माण संस्थांच्या सभांत आवाज चढले.

या गदारोळात एक घटक मात्र नामानिराळा राहिला. तो म्हणजे कुत्र्या-मांजरांचा मालक. रस्त्यावरच्या प्राण्याला वाली नाही, म्हणून त्याची जबाबदारी महापालिकेची, हे सर्वांना मान्य आहे. पण ज्याला वाली आहे, त्या प्राण्याचे काय? त्याला लस टोचली आहे का, त्याची नोंद कोठे आहे, तो आजारी पडला वा नकोसा झाला तर तो कोठे जातो, याची विचारणा कोणीच करत नाही. घरातला प्राणी ही घरातली बाब, असे आपण गृहीत धरले आहे. वस्तुत: पाळीव प्राण्याची निगा हा जेवढा मायेचा, तेवढाच सार्वजनिक आरोग्याचा आणि नागरी शिस्तीचा प्रश्न आहे. रस्त्यावरच्या प्रश्नाचा एक धागा सदनिकेच्या दारापर्यंत येऊन पोहोचतो, हे मान्य केल्याशिवाय त्या प्रश्नाचे उत्तर मिळणार नाही.

उंबरठा न मानणारा आजार

रेबीजचेच उदाहरण घ्या. लक्षणे दिसू लागल्यानंतर हा आजार जवळजवळ शंभर टक्के प्राणघातक ठरतो आणि वेळीच लस घेतली तर तो पूर्णपणे टाळता येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार माणसाला होणाऱ्या रेबीजच्या ९९ टक्क्यांपर्यंत घटनांना कुत्रेच कारणीभूत असतात. भारतात दरवर्षी १८ ते २० हजार माणसे रेबीजने दगावतात, असा जुना अंदाज आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीने अलीकडे हा आकडा सुमारे ५ हजार ७०० पर्यंत खाली आणला. त्याच पाहणीनुसार देशात वर्षाला प्राणीदंशाच्या सुमारे ९१ लाख घटना घडतात आणि प्राणी चावलेल्यांपैकी जवळपास पाचवा हिस्सा लसच घेत नाही. आकडा कोणताही धरला, तरी टाळता येण्याजोग्या आजाराने इतकी माणसे मरावीत ही नामुष्कीच आहे. त्यातही बळी जाणाऱ्यांत १५ वर्षांखालील मुलांचे प्रमाण मोठे आहे.

सप्टेंबर २०२३ मध्ये गाझियाबाद येथे १४ वर्षांचा एक मुलगा रेबीजने गेला. त्याला चावलेला कुत्रा शेजाऱ्यांकडचा होता. मुलाने भीतीपोटी घरात काही सांगितले नाही आणि महिना-दीड महिन्याने लक्षणे दिसली तेव्हा हाती काही उरले नव्हते. जून २०२५ मध्ये उत्तर प्रदेशातील बुलंदशहर जिल्ह्यात एका राज्यस्तरीय कबड्डीपटूचा असाच अंत झाला. नाल्यात पडलेल्या पिल्लाला वाचवताना ते त्याला चावले होते. इवल्याशा पिल्लाच्या दातांनी काय होणार, असे त्याला वाटले. या दोन्ही घटनांचा अर्थ एकच. माणूस ओळखीच्या किंवा लहानशा प्राण्याबाबत गाफील राहतो. पट्टा असलेल्या कुत्र्याला लस दिलेली असेलच, असे तो धरून चालतो. आणि तशी खात्री देणारी कोणतीही यंत्रणा आज आपल्या बहुतेक शहरांत प्रभावीपणे चालत नाही.

कुत्रा, मग तो घरचा असो वा रस्त्यावरचा, चावला वा त्याचे दात-नखे लागून त्वचा फाटली, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. हळद, चुना, तिखट यांचे लेप हा प्राणाशी खेळ आहे. जखम खोल असेल तर लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनही द्यावे लागते. ही माहिती घरातील लहान मुलांनाही हवी, आणि चावल्याचे सांगितले तर रागावले जाणार नाही, एवढा विश्वासही त्यांना हवा.

कायदे आहेत, विचारणारे कोण?

आपल्याकडे कायदे नाहीत, अशी तक्रार करता येणार नाही. नृत्यांगना आणि राज्यसभा सदस्य रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी घेतलेल्या पुढाकारातून प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० मध्ये झाला. प्राणी ज्याच्या ताब्यात आहे त्याने त्याच्या सुखस्वास्थ्याची काळजी घेणे, त्याला विनाकारण यातना होऊ न देणे हे कर्तव्य आहे, असे या कायद्याचे तिसरे कलम सांगते. अकरावे कलम क्रूरतेचे प्रकार मोजून दाखवते. प्राण्याला पुरेसे अन्नपाणी न देणे, त्याला अवास्तव काळ आखूड साखळीने बांधून ठेवणे, त्याची उपासमार होईल अशा स्थितीत त्याला टाकून देणे हे सारे त्यात येते. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी जलिकट्टू प्रकरणात ही कलमे 'पाच स्वातंत्र्यां'च्या जोडीने वाचली. भूक-तहान, गैरसोय, वेदना-आजार आणि भीती यांपासून मुक्तता, तसेच नैसर्गिक वर्तनाची मोकळीक, ही ती स्वातंत्र्ये होत.

तथापि, शिक्षेचे कलम पाहिले की या साऱ्याचे वजन कळते. पहिल्या गुन्ह्यासाठी दंड किमान १० रुपये आणि कमाल ५० रुपये. १९६० मध्ये ५० रुपयांना काही किंमत होती; आज तेवढ्यात कुत्र्याच्या खाद्याची लहानशी पिशवीही येत नाही. ही रक्कम वाढवण्यासाठी केंद्राने २०२२ मध्ये दुरुस्तीचा मसुदा हरकतींसाठी प्रसिद्ध केला, पण तो कायद्याच्या पुस्तकापर्यंत पोहोचला नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत मात्र थोडी धार आहे. प्राण्याला ठार मारणे वा जायबंदी करणे यासाठी पाच वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. आपल्या ताब्यातील प्राण्यापासून इतरांना धोका पोहोचू नये म्हणून पुरेशी खबरदारी न घेणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकते.

प्राणी जन्मनियंत्रण नियम २०२३ मध्ये नव्याने आले. पाळीव प्राण्याला जंतनाशक देणे, लसीकरण करणे ही मालकाची जबाबदारी असल्याचे त्यांत नि:संदिग्धपणे म्हटले आहे. मुंबई, पुण्यासारख्या महापालिकांत कुत्र्यासाठी परवाना बंधनकारक आहे आणि त्यासाठी रेबीजच्या लसीचे प्रमाणपत्र लागते. पण परवाना नाही म्हणून दारावर कोणी आल्याचा अनुभव किती घरांना आहे? साहजिकच परवाना म्हणजे आणखी एक कर, अशी मालकांची समजूत होते आणि महापालिकाही तो त्याच नजरेने पाहते. परिणामी शहरात पाळीव कुत्री किती, त्यांपैकी किती लसवंत, हे कोणालाच ठामपणे सांगता येत नाही. २०१९ च्या पशुगणनेत देशातील भटक्या कुत्र्यांची संख्या १ कोटी ५३ लाख नोंदवली गेली. रस्त्यावरच्या कुत्र्यांचा हिशेब निदान मांडला तरी जातो. घरातल्यांचा शहराच्या दप्तरी पत्ता नसतो.

बाजार आणि हौस

प्राणी घरात येतो तो बहुधा बाजारातून, आणि बाजार जाहिरातीवर चालतो. २००३ मध्ये एका भ्रमणध्वनी कंपनीच्या जाहिरातीत मुलाच्या मागे मागे जाणारा पग देशाने पाहिला आणि घरोघरी पग दिसू लागले. या जातीचे नाक चपटे, श्वसनमार्ग अरुंद. धापा टाकून अंगातील उष्णता बाहेर टाकणे हाच कुत्र्याचा मुख्य उपाय. तोच ज्याला नीट जमत नाही, त्याला एप्रिल-मे महिन्यांत नागपुरात वा सोलापुरात काय भोगावे लागत असेल? पगची हौस ओसरली तोवर सैबेरियन हस्की आणि सेंट बर्नार्ड आले. बर्फाळ प्रदेशासाठी घडलेली ही जनावरे आपल्याकडे वातानुकूलित खोलीत कोंडून ठेवली जातात आणि वीज गेली की त्यांचे हाल सुरू होतात. आपल्या हवेत शतकानुशतके रुळलेला देशी कुत्रा किंवा मराठवाडा-सोलापूरकडचा कारवान, ज्याला तिकडे पश्मी म्हणतात, मात्र शहरी नजरेत 'गावठी' ठरतो.

पिल्लांच्या पैदाशीसाठी केंद्राने २०१७ मध्ये आणि प्राणीविक्रीच्या दुकानांसाठी २०१८ मध्ये नियम केले. पैदास करणाऱ्याने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी, आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकू नये, १८ महिने पूर्ण होण्यापूर्वी मादीची पैदास करू नये, पिल्लांना मायक्रोचिप बसवावी, अशा त्यांतील अटी आहेत. प्रत्यक्षात महिन्या-सव्वा महिन्याची पिल्ले पिशवीतून, दुचाकीवरून हातोहात विकली जातात. आईपासून लवकर तुटलेल्या आणि लसीकरण न झालेल्या पिल्लाला पार्व्हो वा डिस्टेंपर गाठतो. चार दिवस उलट्या, रक्ती जुलाब आणि मग शेवट. हौसेने आणलेले पिल्लू पहिल्याच महिन्यात गमावण्याचे दु:ख ज्या मुलांच्या वाट्याला येते, त्यांना या नियमांची किंमत कोणी सांगत नाही.

२०२४ च्या मार्चमध्ये केंद्राच्या पशुसंवर्धन विभागाने पिटबुल, रॉटवायलर यांसह २३ जातींच्या पैदाशीवर आणि विक्रीवर बंदी घालण्याचे पत्र राज्यांना पाठवले. बाधितांचे म्हणणे न ऐकता ते काढल्याच्या आक्षेपामुळे महिनाभरातच कर्नाटक उच्च न्यायालयाने ते रद्द ठरवले. जात धोकादायक की संगोपन धोकादायक, हा वाद रास्त आहे. बलदंड जातीचा चावा अधिक घातक ठरतो हेही नाकारता येत नाही. पण ज्या देशात पैदास करणाऱ्यांचीच धड नोंद नाही, तेथे कागदावरची बंदी कोणावर बजावायची?

निगा म्हणजे नेमके काय?

लाड आणि निगा यांत फरक आहे. वाढदिवसाला केक आणणारे घर पिल्लाची दुसरी मात्रा विसरते, हे पशुवैद्यांना नवे नाही. पिल्लाला साधारण सहा ते आठ आठवड्यांपासून पार्व्हो-डिस्टेंपरच्या लसी सुरू कराव्या लागतात, तीन महिन्यांनंतर रेबीजची लस आणि पुढे पशुवैद्य सांगतील त्याप्रमाणे वर्षाची मात्रा. मांजर घराबाहेर जात नाही म्हणून तिला लस नको, हा समजही चुकीचा. गॅलरीतून उंदीर येतो, तसे दुसरे मांजरही येते. उंच इमारतींत खिडकीतून मांजर पडण्याचे प्रकार इतके सर्रास घडतात की पशुवैद्यकशास्त्रात त्याला स्वतंत्र नाव आहे. खिडक्यांना जाळी लावणे हा त्यावरचा साधा उपाय.

मुंबई आणि कोकणपट्टीत पावसाळा लेप्टोस्पायरोसिस घेऊन येतो. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर हे नाव मुंबईकरांच्या तोंडी झाले. उंदरांइतकाच कुत्राही या जिवाणूचा वाहक होऊ शकतो आणि त्याच्या लघवीतून तो पसरतो. म्हणून साचलेल्या पाण्यातून कुत्र्याला फिरवणे टाळावे आणि वर्षाला लस द्यावी. गोचिडीतून होणारे ताप कुत्र्याचे रक्त आटवतात; गोचीड दिसली की हाताने ओढून काढण्यावर न थांबता पशुवैद्याच्या सल्ल्याने औषध द्यावे.

सर्वांत घातक ठरतो तो घरगुती औषधोपचार. माणसाला ताप उतरवणारी पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते, कारण ते औषध निष्प्रभ करण्याची शक्ती तिच्या यकृतात पुरेशी नसते. आयबुप्रोफेन कुत्र्याच्या पोटावर आणि मूत्रपिंडावर घाला घालते. कांदा, लसूण, चॉकलेट, द्राक्षे, मनुका हे आपल्या ताटातले पदार्थही कुत्र्याला विषासमान ठरू शकतात. प्रेमाने भरवलेला घास अशा रीतीने उलटतो.

अर्थात उपचार परवडले पाहिजेत, हेही खरे. मुंबईत परळच्या बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालयाला एकोणिसाव्या शतकापासूनचा वारसा आहे; १८८६ मध्ये सुरू झालेले पशुवैद्यकीय महाविद्यालयही परळचेच. २०२४ मध्ये महालक्ष्मी येथे टाटा ट्रस्ट्सचे १६५ कोटी रुपये खर्चून उभारलेले अद्ययावत रुग्णालय सुरू झाले. पण मुंबईबाहेर पडले की चित्र पालटते. शासकीय पशुवैद्यकीय दवाखान्यांची घडण गाय, म्हैस, शेळी यांच्यासाठी झाली. ते योग्यही होते. आता मध्यम शहरांतही घरोघरी कुत्री-मांजरे आली आहेत आणि त्यांच्यासाठी क्ष-किरण वा रक्ततपासणीची सोय शोधत मालकांना वणवण करावी लागते. खर्च झेपत नाही तेव्हा काही जण उपचार सोडतात, आणि काही जण प्राणीच सोडून देतात.

सोडून दिलेल्यांचा प्रश्न

टाळेबंदीच्या काळात, म्हणजे २०२० आणि २०२१ मध्ये, एकाकीपणावर उतारा म्हणून अनेक घरांत प्राणी आले. कार्यालये सुरू झाल्यावर त्यांपैकी काहींची रवानगी रस्त्यावर झाली. बदली, लग्न, बाळंतपण, नवे घर, म्हातारपण अशी कारणे नेहमीचीच. गृहनिर्माण संस्थेचा विरोध हेही एक कारण सांगितले जाते. संस्थांना प्राणी पाळण्यावर सरसकट बंदी घालता येत नाही वा उद्वाहन वापरण्यास मनाई करता येत नाही, हे भारतीय प्राणी कल्याण मंडळाने २०१५ मध्येच स्पष्ट केले आहे. पण मालकानेही पट्टा हाती धरावा, विष्ठा उचलावी, रात्री-अपरात्रीच्या भुंकण्याची दखल घ्यावी, ही अपेक्षा तेवढीच रास्त आहे. शेजाऱ्याची भीती ही प्राणीद्वेष मानण्याचे कारण नाही.

घरात वाढलेला कुत्रा रस्त्यावर जगू शकत नाही. अन्न शोधणे, वाहने चुकवणे, टोळीशी जुळवून घेणे त्याला येत नाही. तो बहुधा काही दिवसांतच मरतो. जगला आणि निर्बीजीकरण झालेले नसेल, तर महापालिकेने कोट्यवधी रुपये खर्चून आटोक्यात आणू पाहिलेल्या संख्येत भर घालतो. रस्त्यावरचा प्रश्न आणि घरातला प्रश्न येथे एक होतात.

बिल्ल्याचा खरा उपयोग

यावर मार्ग नाही असे नाही आणि तो शोधण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. शेजारच्या गोव्यात २०१३ पासून 'मिशन रेबीज' आणि राज्य सरकार यांनी मिळून मोहीम हाती घेतली. घरोघर आणि गल्लोगल्ली जाऊन, पाळीव आणि भटकी असा भेद न करता, वर्षाला सुमारे लाखभर कुत्र्यांना लस टोचली गेली, प्रत्येक लसीची नोंद मोबाइलवर झाली, शाळाशाळांतून मुलांना शिकवले गेले. एखाद्या भागातील ७० टक्के कुत्री लसवंत झाली की रेबीजची साखळी तुटते, हे शास्त्र तेथे प्रत्यक्षात उतरले. माणसांचे रेबीजमृत्यू शून्यावर आले आणि २०२१ मध्ये गोवा 'रेबीज नियंत्रित क्षेत्र' म्हणून घोषित झाला. राज्य लहान, हे खरे. पण मुंबईचा एखादा विभाग वा पुण्याचे एखादे क्षेत्रीय कार्यालय त्याहून लहानच आहे.

महाराष्ट्रातील महापालिकांनी त्यासाठी नवे काही शोधण्याची गरज नाही. कुत्र्याचा परवाना त्यांच्याकडे आहेच. त्याला करपावतीऐवजी आरोग्यपत्रिकेचे रूप द्यावे. खासगी पशुवैद्याने लस टोचताच तेथेच नोंदणी व्हावी, जेणेकरून मालकाला महापालिकेचे उंबरे झिजवावे लागू नयेत. निर्बीजीकरण केलेल्या प्राण्याला शुल्क माफ असावे. मांजरांनाही या नोंदणीत आणावे. पिल्लाची विक्री मायक्रोचिपशिवाय झाली तर विक्रेत्याला जाब विचारावा. आणि ज्याला खरोखरच प्राणी सांभाळणे अशक्य झाले आहे, अशा मालकाला तो उघडपणे सोपवता येईल अशी जागा प्रत्येक शहरात असावी. अन्यथा तो रात्रीच्या अंधारात महामार्ग गाठणारच. एकटे राहणाऱ्या ज्येष्ठांनीही आपल्या पश्चात प्राणी कोणाकडे जाईल, हे वेळीच लिहून ठेवलेले बरे.

या शहराला प्राण्यांविषयीची आस्था नवी नाही. १८३२ मध्ये पोलिसांनी कुत्री मारण्याची मोहीम काढली, तेव्हा मुंबईतील पारशी समाज रस्त्यावर उतरला आणि शहराचे व्यवहार ठप्प झाले. त्या आस्थेला आज शिस्तीची जोड हवी आहे. रेबीजने होणारे मृत्यू २०३० पर्यंत संपवण्याचा राष्ट्रीय कृती आराखडा केंद्राने २८ सप्टेंबर २०२१ रोजी, जागतिक रेबीज दिनी जाहीर केला. मुदत जवळ आली आहे. न्यायालय आदेश देईल, महापालिका गाड्या पाठवील. पण आपल्या सोफ्यावर झोपलेल्या कुत्र्याला शेवटची लस कधी दिली आणि त्याच्या परवान्याची मुदत कधी संपली, या दोन प्रश्नांची उत्तरे मात्र घरानेच द्यायची आहेत. आज घरी गेल्यावर ती कागदपत्रे एकदा काढून पाहिली, तरी सुरुवात झाली असे म्हणता येईल.